थिओडोर कोखर : गलगंडाचा शल्यविशारद

आपल्या मकरपुऱ्यातल्या मराठी घरांत सकाळच्या चहाआधी अर्धा तास एक छोटी गोळी घेणाऱ्यांची संख्या आता कमी राहिलेली नाही. कुणाची आई घेते, कुणाची सून घेते, क्वचित एखादे आजोबाही घेतात. थायरॉइडची गोळी म्हणून ती सगळ्यांना ठाऊक आहे. एखाद्याची थायरॉइडची गाठ काढायची ठरली, तर घरचे दोन दिवस काळजी करतात, तिसऱ्या दिवशी रुग्ण गळ्याला पट्टी लावून घरी येतो आणि आठवड्याभरात कामाला लागतो. हे इतके सरळ झाले आहे, की दीडशे वर्षांपूर्वी याच शस्त्रक्रियेच्या नावाने मोठमोठे सर्जन हात जोडत असत, हे सांगूनही खरे वाटत नाही.

हा बदल ज्यांच्यामुळे घडला, त्या डॉ. थिओडोर कोखर यांची ओळख यंदाच्या स्मरणिकेत करून द्यावी असे वाटले. कोखर स्वित्झर्लंडचे. आपल्या गुजरातेत हे आडनाव कोचर असे वाचले जाण्याचा संभव आहे आणि मग ते एखादे मारवाडी गृहस्थ वाटतील! पण वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या प्रत्येकाला हे नाव माहीत असते. रक्तवाहिनी पकडण्याचा दातेरी चिमटा, पित्ताशयासाठी पोटावर घ्यायचा तिरका छेद, निखळलेला खांदा बसवण्याची रीत, अशा कितीतरी गोष्टींना आजही त्यांचे नाव आहे. तरी त्यांचे खरे काम गळ्याचे.

बालपण आणि शिक्षण

थिओडोर कोखर यांचा जन्म २५ ऑगस्ट १८४१ रोजी बर्न येथे झाला. वडील इंजिनिअर होते. आई मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथातली, अतिशय श्रद्धाळू आणि शिस्तीची. वेळ वाया घालवायचा नाही, केलेल्या कामाचा हिशेब देवापुढे द्यायचा आहे हे विसरायचे नाही, असे संस्कार त्या घरात होते. थिओडोर यांच्या पुढच्या आयुष्यावर या आईची छाप शेवटपर्यंत राहिली.

शाळेत हुशार असलेल्या या मुलाने बर्नच्याच विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतले. पदवी मिळाल्यावर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ते युरोपातल्या मोठ्या रुग्णालयांतून फिरले. बर्लिनमध्ये लांगेनबेक, लंडनमध्ये स्पेन्सर वेल्स, शिवाय बिलरोथ, अशा नामवंत सर्जनांची कामे त्यांनी जवळून पाहिली. त्याच सुमारास लिस्टर यांनी जखमेतल्या जंतूंचा नाश करण्याची पद्धत मांडली होती. अनेक जुने सर्जन तिला हसत होते. कोखर यांनी मात्र ती लवकर उचलली आणि आपल्या वॉर्डात कसोशीने पाळली.

मायदेशी परतल्यावर बर्नमध्ये लूके या प्राध्यापकांच्या हाताखाली त्यांनी काम केले. १८६९ साली त्यांचे लग्न झाले. त्यांना तीन मुलगे झाले, त्यांपैकी थोरला आल्बर्ट पुढे वडिलांच्याच हाताखाली सर्जन झाला. १८७२ मध्ये लूके बर्न सोडून गेले. त्यांची जागा एखाद्या नावाजलेल्या जर्मन सर्जनला द्यावी असा एक विचार होता. पण गावच्या लोकांचा कल आपल्या तरुण डॉक्टरकडे होता आणि बाहेरच्या बड्या सर्जनांनीही त्यांच्या बाजूने शब्द टाकला. वयाच्या तिसाव्या वर्षी कोखर विद्यापीठाच्या शल्यविभागाचे प्रमुख झाले. इकडे आपल्या मकरपुऱ्यात खंडेराव महाराजांनी बांधलेला राजवाडा तेव्हा अगदी नवा होता, म्हणजे काळाचा अंदाज येईल. पुढे मोठ्या शहरांतून बोलावणी आली, पण कोखर यांनी बर्न सोडले नाही.

डोंगरातला आजार

बर्न न सोडण्यामुळे त्यांना एक गोष्ट आयती मिळाली होती. गलगंडाचे रुग्ण त्या मुलखात घरोघरी होते. गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. ती म्हणजे थायरॉइड. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. तिला आपले काम करण्यासाठी आयोडीन लागते. आल्प्ससारख्या डोंगराळ मुलखात पाऊस आणि बर्फ यांनी जमिनीतले आयोडीन हजारो वर्षे धुऊन नेलेले असते. पाण्यात नाही, धान्यात नाही, म्हणून अंगात नाही. मग ही ग्रंथी मिळेल तेवढे आयोडीन पकडण्यासाठी वाढत जाते आणि गळ्यावर गोळा दिसू लागतो. आपल्याकडे हा आजार नवा नव्हता. सुश्रुतसंहितेत गलगंडाचे वर्णन आहे आणि हिमालयाच्या पायथ्याशी तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता.

लहान गोळ्याने फारसे बिघडत नाही. पण तो नारळाएवढा झाला, की श्वासनलिका दाबली जाते, गिळता येत नाही, रात्री आडवे झाले की जीव गुदमरतो. आयोडीनची कमतरता फारच असेल, तर त्या घरांतून खुजी, मंदबुद्धी, मुकी-बहिरी मुलेही जन्माला येतात. स्वित्झर्लंडच्या खोऱ्यांत अशी माणसे गावोगाव होती. हे सारे आयोडीनच्या अभावाने होते, हे मात्र त्या वेळी सिद्ध झालेले नव्हते.

औषध लागू पडत नसेल तर गोळा कापून काढायचा, हा उपाय सुचायला सोपा होता, करायला भयंकर. या ग्रंथीत रक्तवाहिन्यांचे जाळे असते. सुरी लावली की रक्ताचा लोट येई. मागच्या बाजूने आवाजाच्या नसा जातात. त्यांना धक्का लागला की माणसाचा आवाज बसे. त्यातून वाचला तर जखमेत पू होऊन ताप येई. पॅरिसच्या वैद्यक अकादमीने १८५० मध्ये ही शस्त्रक्रिया निषिद्धच ठरवली होती. बिलरोथ यांच्यासारख्या कसलेल्या सर्जनच्या हातूनही सुरुवातीला दहांतले चार रुग्ण दगावले आणि त्यांनी काही वर्षे हे ऑपरेशन बंदच ठेवले.

सावकाश चालणारा हात

त्या काळी सर्जनची किंमत वेगावर ठरे. भूल नव्हती तेव्हाची ती सवय होती. भूल आली तरी सवय गेली नव्हती. कोखर यांनी वेग सोडून दिला. ते अत्यंत सावकाश, थर उलगडत शस्त्रक्रिया करीत. प्रत्येक रक्तवाहिनी आधी चिमट्याने पकडायची, बांधायची आणि मगच कापायची. त्यासाठी त्यांनी स्वतःचा चिमटा बनवला. रक्त वाहत नसल्यामुळे त्यांना जखमेत स्वच्छ दिसे, स्वच्छ दिसल्यामुळे आवाजाच्या नसा सांभाळता येत. पुढे तर ते अनेक रुग्णांना पूर्ण भूल न देता गळ्यापुरती बधिरता आणून ऑपरेशन करू लागले. त्यात रुग्ण बोलू शके आणि आवाज शाबूत आहे की नाही हे तिथल्या तिथे कळे. गळ्याच्या घडीत, गळपट्टीसारखा आडवा छेद घेण्याची त्यांची पद्धत अशी, की व्रण पुढे घडीतच लपून जाई. आजही थायरॉइडचे उघडे ऑपरेशन बहुधा याच छेदातून होते.

याचा परिणाम आकड्यांत दिसू लागला. पहिल्या काही वर्षांत त्यांच्याही शंभर रुग्णांत दहाहून अधिक दगावत. मग हे प्रमाण उतरत गेले आणि शतक संपेपर्यंत शंभरात एकाहूनही कमी झाले. दूरदूरचे रुग्ण बर्नची वाट धरू लागले.

हात बसला तशी एक नवी शक्यता पुढे आली. अर्धी ग्रंथी ठेवली तर गोळा पुन्हा वाढतो. मग पूर्ण ग्रंथीच का काढू नये? या ग्रंथीचे शरीरात काही काम आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हते. गळ्याला गोलाई यावी म्हणून ती असते, इथपर्यंतचे तर्क चालत. तेव्हा कोखर यांनी काही रुग्णांची संपूर्ण ग्रंथी काढली. जखमा सुरेख भरल्या, रुग्ण आभार मानून घरी गेले.

परत बोलावलेले रुग्ण

जानेवारी १८७४ मध्ये अशीच संपूर्ण शस्त्रक्रिया एका अकरा वर्षांच्या मुलीवर झाली होती. तिच्या गावच्या डॉक्टरांना काही काळाने त्या मुलीत फरक दिसू लागला. आधी चपळ, हसरी असलेली मुलगी सुस्त, चिडचिडी आणि मठ्ठ होत चालली होती. ही बातमी कोखर यांच्याकडे पोहोचली, पण तिचा नीट पाठपुरावा व्हायला पुढे बरीच वर्षे गेली.

१८८२ च्या सप्टेंबरात जिनिव्हा येथे एका परिषदेत त्यांची आणि तिथले सर्जन रेव्हेर्दां यांची गाठ पडली. रेव्हेर्दां यांनी आपल्या काही रुग्णांविषयी सांगितले. पूर्ण ग्रंथी काढल्यावर काही महिन्यांनी त्यांना अशक्तपणा येत होता, चेहरा सुजत होता, बुद्धी मंदावत होती. कोखर यांना आपल्या रुग्णांचे काय झाले असेल, हा प्रश्न पडला.

इथे त्यांना गप्प बसता आले असते. रुग्ण आपापल्या खेड्यांत गेले होते, कुणाची तक्रार नव्हती, त्यांची कीर्ती चढती होती. कोखर यांनी संपूर्ण ग्रंथी काढलेल्या आपल्या चौतीस रुग्णांना पत्रे पाठवून तपासणीसाठी परत बोलावले. अठरा जण तपासता आले. त्यांपैकी सोळा जण बिघडलेले होते. कुणाचे हातपाय थंड आणि सुजलेले, कुणाचे केस गळालेले, कुणाची जीभ जड झालेली. जे बरे होते त्या दोघांच्या गळ्यात ग्रंथीचा राहिलेला अंश पुन्हा वाढला होता. आणि ती मुलगी? शस्त्रक्रियेपूर्वी ती आणि तिची धाकटी बहीण सहज ओळखू येऊ नयेत इतक्या सारख्या दिसत. आता धाकटी वयात आलेली तरुणी झाली होती आणि थोरली तिच्यापुढे खुजी, सुजलेल्या चेहऱ्याची, मुलासारखी राहिली होती. शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हात जितका निर्दोष, तितका रुग्णाचा तोटा मोठा, असा हा विलक्षण प्रकार होता.

एप्रिल १८८३ मध्ये बर्लिनला जर्मन सर्जनांच्या परिषदेत कोखर उभे राहिले आणि हे सारे, आकड्यांसह आणि त्या दोन बहिणींच्या चित्रांसह, त्यांनी सर्वांसमोर मांडले. त्याच एप्रिल महिन्यात आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी कलकत्त्याहून बोटीत बसल्या होत्या, आणि बडोद्यात सयाजीराव महाराजांनी राज्यकारभार हाती घेऊन जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. कॅन्सरखेरीज इतर कुठल्याही कारणासाठी यापुढे पूर्ण ग्रंथी काढायची नाही, असा निर्धार कोखर यांनी केला आणि पाळला. काही अंश मागे ठेवायचाच, हा नियम तेव्हापासून रूढ झाला.

या आजाराचे कारण सांगताना मात्र त्यांचा तर्क प्रथम चुकला. श्वासनलिकेला इजा होऊन शरीराला हवा कमी पडते, म्हणून हे होत असावे, असे त्यांना वाटले. त्याच वर्षी लंडनमध्ये फेलिक्स सेमन या डॉक्टरांनी सुचवले, की हे सगळे ग्रंथीच नसल्यामुळे होते. सुरुवातीला त्यांची थट्टा झाली, पण लंडनच्या समितीने पाच वर्षे चौकशी करून १८८८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. कोखर यांनीही आपला तर्क सोडून दिला. आजारी झालेल्या रुग्णाला दुसऱ्याच्या ग्रंथीचा तुकडा बसवून पाहण्याचा प्रयोग त्यांनी १८८३ मध्येच केला होता. त्याचा गुण टिकला नाही, पण अवयवरोपणाच्या इतिहासात आज त्याची नोंद होते.

या प्रकरणाचा एक उलगडा पुढे अमेरिकन सर्जन हॉलस्टेड यांनी केला. बिलरोथ यांच्या रुग्णांना ऑपरेशननंतर हातापायाला पेटके येत, कोखर यांच्या रुग्णांना येत नसत. उलट कोखर यांचे रुग्ण सुजत, बिलरोथ यांचे सहसा नाही. असे का? बिलरोथ झपाट्याने काम करीत. त्यात ग्रंथीचे थोडे तुकडे मागे राहत, पण तिच्या पाठीला चिकटलेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी, ज्या रक्तातला कॅल्शियम सांभाळतात, त्या निघून जात. कोखर त्या दाण्यांना धक्का न लावता थायरॉइड मात्र कणभरही शिल्लक ठेवीत नसत. आजचा सर्जन रुग्णाला ऑपरेशननंतर बोटांना मुंग्या येतात का असे विचारतो आणि कॅल्शियम तपासतो, ते याच कारणासाठी.

त्या चुकीतून निघालेले औषध

थायरॉइड नसेल तर माणूस असा होतो, हे कळल्यावर पुढचा प्रश्न सरळ होता : बाहेरून थायरॉइड दिली तर? १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका आजारी बाईला बरे केले. ती बाई पुढे जवळपास अठ्ठावीस वर्षे जगली. लवकरच ग्रंथी तोंडाने दिली तरी चालते हे दिसले. १९१४ च्या नाताळात अमेरिकेत केंडल यांनी ग्रंथीतला मूळ पदार्थ, थायरॉक्सिन, वेगळा काढला. आज आपण घेतो ती गोळी त्याच थायरॉक्सिनची, फक्त ते आता कारखान्यात तयार होते. म्हणून आता कॅन्सरसाठी किंवा अन्य कारणाने पूर्ण ग्रंथी काढावी लागली, तरी रुग्ण गोळीवर सर्वसामान्य आयुष्य जगतो. त्या अकरा वर्षांच्या मुलीच्या नशिबी ही गोळी नव्हती.

मानसन्मान

१९०९ साली कोखर यांना थायरॉइडवरील कामासाठी वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले सर्जन. स्वतः पाच हजारांहून अधिक थायरॉइड शस्त्रक्रिया त्यांनी केल्या. १९१३ मध्ये लेनिन यांच्या पत्नी क्रुप्स्काया यांच्या थायरॉइडचे ऑपरेशनही त्यांनीच केले. तेव्हा हे दांपत्य रशियाबाहेर निर्वासितासारखे राहत होते. बंदुकीच्या गोळीने शरीरात होणाऱ्या जखमांचा त्यांनी शास्त्रशुद्ध अभ्यास केला, मेंदूवरील दाबाचा अभ्यास करवून घेतला. पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेत अजोड ठरलेले हार्वी कुशिंग हे तरुणपणी त्यांच्याकडे बर्नला येऊन शिकून गेले. त्यांचे शस्त्रक्रियेवरचे पाठ्यपुस्तक अनेक भाषांत गेले. प्राध्यापकपदाला चाळीस वर्षे झाली तेव्हा, १९१२ मध्ये, त्यांनी दोन लाख फ्रँक संशोधनासाठी बर्नच्या विद्यापीठाला देऊन टाकले. त्यातून उभी राहिलेली संस्था आजही त्यांच्या नावाने चालते.

जुलै १९१७ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, एका रात्री तातडीच्या ऑपरेशनसाठी त्यांना बोलावणे आले. ते गेले, ऑपरेशन केले, पण त्यानंतर बरे वाटेना. अंथरुणावरही त्यांचे लेखनाचे काम चालूच होते. २७ जुलै १९१७ रोजी त्यांचे निधन झाले.

मिठाची गोष्ट

गलगंड मुळात होऊच नये, हे काम मात्र सुरीच्या आवाक्यातले नव्हते. कोखर यांनी बर्न परगण्यातल्या शाळकरी मुलांचे गळे तपासून कुठल्या गावात गलगंड जास्त, कुठल्या पाण्यात काय, याचा शोध घेतला होता. आयोडीनचे औषध बेसुमार दिले तर ग्रंथी उलट खवळते, हा इशाराही त्यांनी दिला होता. त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांच्या आतच स्विस डॉक्टरांनी मिठात अगदी किंचित आयोडीन मिसळायला सुरुवात केली आणि एका पिढीत त्या खोऱ्यांतून गलगंड ओसरला.

आपल्या देशात हे काम डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात केले. एका भागाला आयोडीनयुक्त मीठ, दुसऱ्याला साधे मीठ, असे देऊन काही वर्षांनी मुलांचे गळे तपासले. आयोडीनवाल्या भागात गलगंड घटला होता. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. देशातले बहुतेक मीठ आपल्या गुजरातच्या आगरांत पिकते, म्हणजे खारघोड्याच्या रणातला अगरिया या कामात न कळत सहभागी आहे.

माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते; गरोदर बाईला त्याहून अधिक, कारण बाळाचा मेंदू त्यावर घडतो. हल्ली उपासाबरोबर रोजच्या जेवणातही सैंधव वापरण्याची पद्धत पुष्कळ घरांत आली आहे. सैंधवात आयोडीन बहुधा नसते. उपासाच्या दिवशी त्याने काही बिघडत नाही, पण घरात गरोदर सून किंवा लहान मूल असेल, तर रोजच्या डब्यात कुठले मीठ आहे, हे पाकिटावर एकदा वाचून घ्यावे. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन होणारी थायरॉइडची तपासणीही टाळू नये. जन्मतः ग्रंथी नसलेल्या बाळाला पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर ते इतर मुलांसारखे वाढते. वर्ष गेले तर गेलेली बुद्धी परत येत नाही. आणि जे गोळी घेतात त्यांनी बरे वाटते म्हणून ती मनाने बंद करू नये.

कोखर यांच्या नावाचे चिमटे आणि छेद पुष्कळ आहेत. पण आज थायरॉइडचा रुग्ण ऑपरेशननंतरही महिन्यांनी, वर्षांनी तपासणीसाठी परत बोलावला जातो. जखम भरली म्हणजे काम संपले नाही, हे १८८३ मध्ये त्यांनी आपल्या रुग्णांना पाठवलेल्या पत्रांपासून वैद्यकशास्त्र शिकले. तेव्हा तपासणीची तारीख आली की चुकवू नका.